गामदेवी, सँडहर्स्ट रस्ता आणि इंप्रूव्हमेंट ट्रस्ट

मुंबईच्या गिरगावात एकेकाळी काय होते हे तेथील जुन्या नावांवरूनच कळते. फणसवाडी, जांभूळवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, बोरभाट, मुगभाट ही नावे म्हणजे एका बुजलेल्या बागाइताची यादीच होय. गोमंतकातून किंवा कारवाराकडून आलेल्या माणसास ‘भाट’ ह्या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. ब्रिटिशांच्या कागदपत्रांत ह्या माडांच्या वाड्यांना जो शब्द योजलेला आढळतो, तो बागेस पोर्तुगीज भाषेत जो ‘ओर्त’ शब्द आहे त्याचाच अपभ्रंश आहे. जमिनीच्या ज्या धारापद्धतीस मुंबईत ‘फजिंदारी’ म्हणतात, तिचे मूळही पोर्तुगीज ‘फाझेंद’ ह्या शब्दात सापडते. जमीन एकाची आणि तीवरील घर दुसऱ्याचे, अशी ही व्यवस्था होती. पुढे सरकारने ही घरे पाडावयास काढली, तेव्हा नुकसानभरपाई कोणास आणि किती द्यावयाची ह्या तंट्यांत ह्या जुन्या व्यवस्थेने किती गुंतागुंत केली असेल ह्याची कल्पना वाचकांनी करावी.

आमच्या समाजाचा ह्या शहराशी संबंध जुना आहे. वाळकेश्वराचे देवालय रामा कामती ह्या सारस्वत गृहस्थाने १७१५ साली पुन्हा उभारले हे प्रसिद्धच आहे. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला. तेव्हापासून कारवार, कुमठे, होन्नावर ह्या बाजूच्या कोंकणी बोलणाऱ्या घरांतील मुलांचे शिक्षण, परीक्षा व नोकरी ह्या तिन्ही गोष्टींचे तोंड मुंबईकडे वळले. घरात कोंकणी, शाळेत कानडी आणि मुंबईच्या चाळीत मराठी, अशा तीन भाषा ह्या मंडळींच्या जिभेवर एकाच वेळी नांदू लागल्या. ही मंडळी राहिली ती बव्हंशी गिरगाव, ठाकुरद्वार व भुलेश्वर ह्या भागांत. कारण देऊळ जवळ, बाजार जवळ आणि कोटातील कचेरीही पायी गाठण्याजोगी. १८९३ साली मुंबईतला सार्वजनिक गणेशोत्सव ज्या केशवजी नाईकांच्या चाळीत सुरू झाला, तीही गिरगावातलीच.

परंतु वाड्यांच्या जागी चाळी उठल्या त्या कोणत्याही आखणीवाचून. एका घराची भिंत दुसऱ्या घराला टेकलेली, मध्ये फक्त घरगल्ली, आणि त्या घरगल्लीतून मैला वाहून न्यावयाचा. आतल्या खोल्यांत दिवसाही दिवा लावावा लागे. कापसाच्या व गिरण्यांच्या भरभराटीने शहरात माणसे येतच राहिली, आणि १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ भरली.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात तापाचे आणि जांघेत गाठी येण्याचे प्रकार दिसू लागले. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग होय, असे निदान प्रथम ज्याने केले तो डॉक्टर गोमंतकीय होता. बारदेशातील हडफडे गावी १८५६ साली जन्मलेले डॉ. आकासियु गाब्रिएल व्हिएगस हे त्यांचे नाव. ते पुढे १९०६ साली मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले, आणि त्यांचा पुतळा धोबी तलावाच्या चौकानजीक उभा आहे. त्यांचे निदान व्यापाऱ्यांस आणि अधिकाऱ्यांस सुरुवातीस रुचले नाही. प्लेगचे नाव निघाले की परदेशची बंदरे मुंबईच्या जहाजांस दारे लावणार, हे उघड होते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात जे घडले त्याच्या आठवणी पुष्कळ घराण्यांत तोंडी चालत आल्या आहेत. घरात शिरून रोगी उचलणे, कौले काढून खोलीत ऊन पाडणे, जमीन उकरणे, भिंतींवर कार्बॉलिकचे फवारे मारणे आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरावर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगविणे, असा तो सपाटा होता. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. १८९७ च्या आरंभापर्यंत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती गाव सोडून गेली होती. कोकणातल्या व कानड्यातल्या कित्येक घरांची मुंबईची बिऱ्हाडे त्या वर्षी बंद झाली. १९०१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ भरली. दहा वर्षांत वाढावयाची ती पंचेचाळीस हजारांहून अधिक घटली होती.

ह्या संकटाचे कारण म्हणून सरकारी डॉक्टरांनी बोट दाखविले ते काळोखाकडे आणि कोंदट हवेकडे. उंदीर व त्याच्या अंगावरील पिसू हे रोगाचे वाहन आहे असे पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच संशोधकाने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले. पण ते मत सर्वमान्य व्हावयास आणखी आठ-दहा वर्षे जावी लागली. त्या मधल्या काळात मुंबईचा नकाशा बदलण्याचा निर्णय होऊन गेला होता. म्हणजे आज ज्या रुंद रस्त्यांवरून आपण चालतो, ते अर्ध्या खऱ्या वैद्यकावर आखले गेले. तथापि उजेड आणि हवा ह्यांची गरज काही केवळ प्लेगपुरती नव्हती. क्षय, गोवर, बालमृत्यू ह्यांनी त्याच खोल्यांत प्लेगच्या आधीपासून ठाण मांडले होते. म्हणून त्या निर्णयास सरसकट चुकीचा म्हणण्यास आम्ही धजत नाही.

१८९८ च्या कायद्याने ‘सिटी ऑफ बॉम्बे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. सर फिरोजशहा मेहता प्रभृतींच्या नेतृत्वाखाली कॉर्पोरेशन त्या वेळी चांगलेच जागरूक होते. एवढे मोठे काम सरकारने त्याच्या हाती न देता निराळे मंडळ निर्माण केले, आणि त्यात कॉर्पोरेशनने निवडलेल्या सभासदांची संख्या अल्प ठेवली. करदात्यांच्या पैशातून वाटा घ्यावयाचा, पण कारभार मात्र दुसऱ्यांनी पाहावयाचा, ही तक्रार पुढे पस्तीस वर्षे चालू राहिली. ट्रस्टचे अधिकार मोठे होते. अयोग्य ठरविलेला संपूर्ण मोहल्ला ताब्यात घेणे, तो जमीनदोस्त करणे, रस्ते आखणे, उरलेले भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देणे, आणि उठविलेल्या गरिबांसाठी चाळी बांधणे, हे सर्व एकाच संस्थेकडे आले.

पहिला घाव नागपाड्यावर पडला. मग समुद्रावरील वारा दाट वस्तीत खेळावा म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे दोन मोठे रस्ते काढावयाचे ठरले. त्यांतला एक प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग. दुसरा सँडहर्स्ट रस्ता, ज्याचे पश्चिमेकडील अंग आज सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणून ओळखले जाते. १८९५ ते १९०० ह्या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड सँडहर्स्टचे नाव आता रेल्वे स्टेशनापुरते उरले आहे. हे रस्ते गल्ल्यांच्या वळणांस अनुसरून गेले नाहीत. पट्टी लावून रेघ ओढावी तसे ते चाळींतून, अंगणांतून व विहिरींवरून गेले. रस्त्यात सापडलेले घरमालक ओरडले खरे, पण त्यांस पैसे मिळाले. रस्त्याच्या दुतर्फा ज्यांच्या जागा उरल्या, त्यांच्या जमिनीचा भाव चढला. भाडेकऱ्यास काय मिळाले? ट्रस्टच्या चाळी पाडापाडीच्या मागे पडत गेल्या. उठविलेली माणसे कामापासून दूर जाण्यास राजी नव्हती, म्हणून ती शेजारच्याच गल्लीत आणखी दाटीने शिरली. एक काळोखी वस्ती मोडली आणि तिच्या शेजारच्या दोन अधिक काळोख्या झाल्या.

ही गोष्ट ट्रस्टच्या विरोधकांनीच म्हटली असे नव्हे. १९०९ पासून सुमारे दहा वर्षे ट्रस्टचे अध्यक्ष असलेले जे. पी. ऑर ह्यांनी ती स्वतः उघड केली. हा अधिकारी हट्टी होता, पण हिशेबाचा पक्का होता. नुकसानभरपाई भाड्याच्या उत्पन्नावर मोजली जाते, म्हणून जो मालक आपल्या खोल्यांत जास्त माणसे कोंबतो त्यालाच अधिक भरपाई पडते, हे त्यांनी आकडे मांडून दाखविले. घर जितके वाईट तितकी त्याची किंमत मोठी! वस्ती थेट पाडण्याच्या मार्गास ते समोरचा हल्ला म्हणत, आणि त्याऐवजी आडवळणाचा हल्ला त्यांस पसंत होता. शहराबाहेर मोकळी जमीन तयार करावी, लोक आपण होऊन तेथे जातील, आणि मधली दाटी आपोआप सैल होईल, हा त्यांचा सिद्धांत. दादर-माटुंगा व शीव-माटुंगा ह्या विस्तीर्ण योजना त्या दृष्टीच्या होत.

ऑर ह्यांचा दुसरा आग्रह साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा. तो नियम समजावयास कठीण नाही. खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक रेघ कल्पावी. ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करीत असेल तर त्या खोलीस पुरेसे आकाश दिसत नाही असे समजावे. म्हणजे व्यवहारात, इमारतीची जेवढी उंची त्याच्या निम्मे तरी अंतर दोन इमारतींमध्ये मोकळे सोडले पाहिजे. चाळीस फूट उंचीला वीस फूट. एवढ्या साध्या मोजमापासाठी ऑर ह्यांनी व्याख्याने दिली, पुस्तिका छापल्या, घरमालकांशी भांडणे केली. ट्रस्टच्या जमिनीवर जी घरे उठली त्यांत हा कोन बऱ्याच अंशी पाळला गेला, आणि आजही दादरच्या हिंदू कॉलनीतून किंवा गामदेवीतून चालताना दोन घरांच्या मधल्या मोकळ्या पट्टीवरून तो ओळखू येतो.

आता गामदेवीकडे वळू. गिरगाव चौपाटीच्या उत्तरेचा हा भाग ग्रामदेवतेच्या नावाने ओळखला जातो. ट्रस्टच्या आगमनापूर्वी येथे बव्हंशी माडांच्या वाड्याच होत्या. ट्रस्टने ह्या भूमीतून चौपाटीवरून केम्प्स कॉर्नरकडे जाणारा रस्ता काढला. त्यास ह्यूजेस रस्ता म्हणत. आज तो न्यायमूर्ती सीताराम पाटकर मार्ग आहे. आजूबाजूस लहान, सरळ, झाडे लावलेले रस्ते पाडले व भूखंड पट्ट्याने द्यावयास काढले. येथेच लॅबर्नम रस्त्यावर मणिभवन आहे, जेथे १९१७ ते १९३४ ह्या काळात गांधीजींचा मुंबईतील मुक्काम असे.

भूखंड तयार झाले, पण ते घेणार कोण? लक्षाधीशांस ते सोपे होते. महिना साठ-सत्तर रुपये मिळविणाऱ्या कारकुनास नव्हे. ह्या ठिकाणी रावबहादुर श्रीपाद सुब्राव तलमकी ह्यांचे नाव येते. चित्रापूर सारस्वत समाजातील हे गृहस्थ सहकाराच्या तत्त्वाने भारून गेले होते. १९०६ साली त्यांनी आपले गुरू शामराव विठ्ठल कायकिणी ह्यांच्या नावाने सहकारी पेढी काढली, तीच पुढे शामराव विठ्ठल बँक झाली. १९११ साली कानडा सारस्वत असोसिएशन स्थापन झाली. आणि १९१५ साली ‘सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी’ नोंदली जाऊन तिने गामदेवीस ट्रस्टची जमीन पट्ट्याने घेतली. मुंबईतील सहकारी गृहरचनेची ही पहिली संस्था, आणि देशातल्या आरंभीच्या संस्थांत तिची गणना होते.

तिची घटना पाहण्यासारखी आहे. घर एका माणसाचे नाही, संस्थेचे. सभासदाने भाग घ्यावयाचे, महिन्याचे भाडे संस्थेस द्यावयाचे, आणि त्या भाड्यातून कर्जाचा हप्ता, पट्ट्याचे भाडे व दुरुस्ती भागवावयाची. घरमालक आणि भाडेकरू ही दोन्ही नाती एकाच माणसाच्या ठायी आली, म्हणून मालक भाडे वाढवील ही भीती गेली, आणि भाडेकरू घर नासवील ही भीतीही गेली. आमच्या देवस्थानांच्या महाजनांस ही कल्पना फारशी परकी वाटली नसती. सामाईक मिळकत, तिचे हिशेब, वार्षिक सभा आणि त्या सभेतली भांडणे, ह्या सर्वांची सवय त्यांस पिढ्यान्‌पिढ्या होतीच.

नव्या इमारतींतील राहणी मात्र अगदी निराळी होती. चाळीत नळ सामाईक, संडास गॅलरीच्या टोकाला किंवा खाली मागे. ‘ब्लॉक’ नावाच्या नव्या घरात स्वयंपाकघर, मोरी आणि संडास एकाच दाराच्या आत आले. शौचकूप आणि देवघर ह्यांमध्ये एक भिंत, ही गोष्ट जुन्या बायकांस सोसेना. सोवळ्याने वावरणाऱ्या आजीबाईंस ब्लॉकपेक्षा चाळ बरी वाटली तर त्यात नवल नाही. पुढच्या पिढीने हा वाद घातलाच नाही. पाण्याचा खाली वाहणारा नळ आला आणि मैला डोक्यावरून वाहून नेणाऱ्या माणसाची ती घरगल्लीतली फेरी अशा घरांपुरती तरी संपली, ह्या लाभापुढे बाकीचे आक्षेप आम्हांस गौण वाटतात.

परंतु ह्या कथेची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. संस्था सारस्वतांची, म्हणून सभासदही सारस्वतच. ह्या नमुन्यावर पुढे मुंबईत ज्ञातिज्ञातींच्या वसाहती उठल्या. जातभाई एकमेकांस जामीन राहतात, हप्ते बुडत नाहीत, हा त्यामागील व्यवहार होता आणि तो खराही होता. पण ज्यांच्या ज्ञातीत कोणी पेढी काढणारा नव्हता, ज्यांस दरमहा ठरलेला पगार नव्हता, त्यांच्यापर्यंत ट्रस्टचा उजेड ह्या मार्गाने पोचला नाही. त्यांच्यासाठी होत्या त्या ट्रस्टच्या चाळी, सुमारे दहा फूट लांबी-रुंदीच्या खोल्यांच्या. परळच्या अशाच एका ट्रस्ट चाळीत, दुसऱ्या मजल्यावरील ५० व ५१ क्रमांकांच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून दोन तपे राहिले. कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेऊन आलेला माणूस त्या खोल्यांत अभ्यास करीत होता, आणि त्याच वर्षांत गामदेवीस आमची मंडळी सोसायटीचे नियम लिहीत होती. पुढे बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, तीही भूमी ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेतलीच. एकाच संस्थेने तयार केलेली ही दोन घरे होती, आणि त्यांमधले अंतर तोडावयास त्यांच्यासारख्या पुरुषासही वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांनी ट्रस्टवर न थांबता १९२० साली निराळे विकास खाते उघडले. त्या खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे एकूण २०७ काँक्रीटच्या चाळी बांधल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. त्याच ह्या बी. डी. डी. चाळी. भाडे परवडेना म्हणून त्या कित्येक वर्षे अर्धवट रिकाम्या पडल्या होत्या. ट्रस्टचे स्वतंत्र अस्तित्व १९३३ साली संपले आणि त्याचे काम नगरपालिकेत विलीन झाले. फिरोजशहांच्या पक्षाचे म्हणणे अखेरीस मान्य झाले, पण ते पाहावयास फिरोजशहा नव्हते. ते १९१५ सालीच वारले होते.

तोपर्यंत आमच्या मंडळींचा ओघ गिरगावातून उत्तरेकडे वळला होता. ताडदेवला तलमकीवाडी झाली, सांताक्रुझला सारस्वतांची वसाहत झाली. माटुंगा-वडाळ्याच्या बाजूस ट्रस्टने आखलेल्या भूमीत दक्षिणेकडील लोकांबरोबर गौड सारस्वतही स्थिरावले. १९५१ साली किंग्ज सर्कलला जी. एस. बी. सेवा मंडळ निघाले. वडाळ्यास गोकर्ण पर्तगाळी मठाची शाखा व राममंदिर आहे. काणकोणच्या मठाचे अनुयायी वडाळ्यास का जमले, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर शेवटी ऑर ह्यांच्या आडवळणाच्या हल्ल्यात सापडते. सोळाव्या शतकात ज्यांच्या कुलदेवता कुशस्थळी आणि केळशी सोडून अंत्रुजेत गेल्या, त्या समाजास देवामागून वस्ती आणि वस्तीमागून देव जाण्याचे नवल वाटत नाही. खुद्द मुंबादेवीही बोरीबंदराजवळच्या फाशी तलावावरून कंपनी सरकारच्या काळात आजच्या जागी आली आहे.

गिरगावाचे काय झाले? १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्याने भाडी १९४० च्या सप्टेंबरच्या पातळीवर गोठविली गेली. युद्धानंतरच्या घरटंचाईत लक्षावधी कुटुंबांचे छप्पर त्यामुळेच टिकले, ह्यात शंका नाही. पण पंधरा रुपये भाड्यात मालक दुरुस्ती करीना, आणि पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या. १९६९ साली सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसविला. त्या वेळी अशा इमारतींची संख्या १९,६४२ भरली. १९९१ च्या विकास नियमांनी पुनर्बांधणीसाठी जादा बांधकामाचे आमिष ठेवले, आणि तेव्हापासून गिरगावातील वाडी ही विकासकाच्या हिशेबातली एक बाब झाली. मेट्रोच्या बोगद्यासाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही इमारती पाडाव्या लागल्या, आणि ती भुयारी गाडी २०२५ च्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत धावू लागली. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांस त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांत तीन पिढ्या वाढलेल्या त्या घरांचा आनंद कोणी उणा लेखू नये.

आमचा एक प्रश्न मात्र राहतो. मूळ रहिवाशांस त्याच जागी फुकट घर आणि त्यावर विकण्याजोगे जादा मजले, असा हिशेब जमवावयाचा तर इमारती उंच होतात आणि जवळ येतात. अशा योजनांस दोन इमारतींमधील मोकळ्या जागेच्या नियमात सवलत मिळते. साडेत्रेसष्ट अंशांचा कोन चाळीस फुटी घरांसाठी वीस फूट मागत होता. आज त्या उंचीच्या कित्येक पटींनी वर गेलेल्या मनोऱ्यांत खालच्या मजल्यांस, म्हणजे बहुधा जुन्या भाडेकऱ्यांच्या वाट्यास येणाऱ्या घरांस, किती आकाश दिसते हे कोणीतरी मोजावयास हवे. प्लेगच्या डॉक्टरांचे निदान अपुरे असेल. पण खोलीत ऊन आले पाहिजे ह्या त्यांच्या मागणीस क्षयरोगाच्या तज्ज्ञांनी आजवर हरकत घेतलेली नाही.

शेवटी एक विनंती. चाळ रिकामी करताना लोक भांडी नेतात, देव नेतात, आणि कागद रद्दीत घालतात. जुन्या भाडेपावत्या, वाडीच्या गणेशोत्सवाचे जमाखर्च, सोसायट्यांचे छापील वार्षिक अहवाल, ट्रस्टकडून आलेल्या संपादनाच्या नोटिसा, फजिंदारीचे करार, हे ज्यांच्या ट्रंकेत असेल त्यांनी ते एखाद्या ग्रंथालयास, मठाच्या किंवा समाजाच्या कचेरीस द्यावे. सरकारी दप्तरात ट्रस्टची बाजू पुष्कळ आहे. भाडेकऱ्याची बाजू तेथे फारच थोडी सापडते.